ताजा कलमात लिहिलेली गोष्ट

गोव्यात पर्यटनाचा सीझन सरत आला आणि किनाऱ्यावरचे शॅक उतरवायला सुरुवात झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय नशा आणि लैंगिक आजारांकडे वळतो. या महिन्यात निवडलेल्या पाचपैकी चार पत्रांत एक साम्य आढळले. लक्षणे, तारखा आणि घेतलेली मलमे यांचे वर्णन पानभर होते, आणि नशेच्या पदार्थाचा किंवा त्यासोबत घडलेल्या गोष्टीचा उल्लेख मात्र सही झाल्यानंतर, 'ता. क.' लिहून एका ओळीत उरकला होता. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून माझा अनुभव असा की दवाखान्यातही हेच घडते. रुग्ण उठून दाराशी जातो आणि मूठ दारावर ठेवून मुख्य गोष्ट सांगतो. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, डिचोली तालुक्यातला. वागातोर भागातील एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतो. फेब्रुवारीअखेर लिंगावर एक फोड आला होता, पण दुखत नव्हता. फार्मसीतून मलम आणून लावले आणि महिनाभरात तो गेला. आता दोन्ही तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग उठले आहेत. घरी काजूच्या बिया भाजण्याचे काम चालते, त्यामुळे ते तेल लागले असावे असे आई म्हणते. ता. क. डिसेंबर-जानेवारीत पार्ट्यांमध्ये एमडी घेत होतो. याचा काही संबंध असेल का? मी बहुतेक वेळा कंडोम वापरतो.

उत्तर : तुमच्या आईंचा तर्क निराधार नाही. काजूच्या टरफलातले तेल कातडीला भाजते, त्याने बोटांवर आणि मनगटांवर फोड येतात, कातडी काळी पडून सोलते आणि खाज व आग इतकी होते की माणसाला रात्री झोप लागत नाही. तुम्ही मात्र खाजेचा शब्दही लिहिलेला नाही, आणि तळपायाने कोणी बिया भाजत नाही. न खाजणारे, तांब्याच्या भांड्याच्या रंगाचे, मसुराएवढे किंवा थोडे मोठे, कडेला बारीक पापुद्रा धरलेले डाग तळहात आणि तळपायांवर एकाच वेळी दिसले, आणि त्याआधी काही आठवडे गुप्तांगावर न दुखणारा व्रण येऊन गेलेला असला, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो उपदंश समजावा, असे आम्हाला शिकवलेले आहे. आपल्याकडे त्याला गरमी म्हणतात, इंग्रजी नाव सिफिलिस.

या रोगाची लबाडी अशी की तो स्वतःहून बरा झाल्याचे सोंग घेतो. संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी, जंतू शिरला त्या जागी व्रण होतो. तो तीन ते सहा आठवड्यांत औषध न घेताही भरून येतो, आणि त्याचे श्रेय त्या वेळी जे मलम हाताशी असेल त्याला मिळते. फार्मसीत न विचारता मिळणाऱ्या अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेले असते. त्याचा उपदंशावर काडीचाही परिणाम होत नाही, फक्त व्रणाचे रूप बदलते आणि डॉक्टरलाही तो ओळखणे अवघड जाते. जंतू दरम्यान रक्तात पसरलेला असतो. आताचे डागही काही आठवड्यांत जातील आणि तुम्ही पुन्हा निर्धास्त व्हाल, म्हणून ते दिसत आहेत तोवरच जा. वर्षानुवर्षे उपचार न झाल्यास हा रोग हृदयाची महारोहिणी आणि मज्जासंस्था यांच्यापर्यंत पोहोचू शकतो, आणि डोळे व कान तर कोणत्याही टप्प्यावर बाधित होऊ शकतात.

रक्ताची व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही चाचणी आणि तिला दुजोरा देणारी टीपीएचए, अशा दोन्ही करून घ्या, आणि त्याच रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचीही तपासणी होऊ द्या. उपदंश पक्का ठरल्यास सुरुवातीच्या टप्प्यात बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन एकदाच दिले जाते. ते घट्ट असते आणि दुखते, म्हणून दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास १४ दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. इंजेक्शननंतर पहिल्या २४ तासांत थंडी वाजून ताप आला तर घाबरू नका. जंतू एकदम मरू लागल्याने असे होते, ती ॲलर्जी नव्हे. पुढे आरपीआरचा आकडा ठरावीक अंतराने मोजला जातो. १:३२ असलेला आकडा १:८ वर आला म्हणजे उपचार लागू पडला. टीपीएचए मात्र बहुतेकांच्या रक्तात जन्मभर पॉझिटिव्ह राहते. दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत ती पाहून कोणी पुन्हा इंजेक्शने सुरू करण्याआधी आपला जुना कागद दाखवावा. एकदा बरे झाल्याने संरक्षण मिळत नाही, उपदंश पुन्हा होऊ शकतो.

आता तुमच्या ताजा कलमाविषयी. एमडीमध्ये, म्हणजे मेफेड्रोनमध्ये, उपदंशाचा जंतू नसतो. तो माणसाकडूनच येतो. तरीही संबंध आहे, आणि तो नुसता 'शुद्ध हरपली, कंडोम विसरला' एवढ्यावर संपत नाही. एमडी, कोकेन, मेथ, एक्स्टसी ही सगळी उत्तेजके मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन यांचा पूर आणतात. भूक, झोप, थकवा आणि वेदना दबतात आणि कामेच्छा वाढते. त्याच वेळी रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून इच्छा असूनही ताठरता टिकत नाही आणि वीर्यस्खलन लांबते. परिणामी संबंध तासन्‌तास चालतात. तोंड कोरडे, श्लेष्मल त्वचा कोरडी, त्यावर घर्षण, आणि कोकेन असेल तर जागा बधिर, त्यामुळे बारीक चिरा पडल्याचे दोघांनाही कळत नाही. सैल पडलेल्या लिंगावरून कंडोम निसटतो, अर्ध्या-पाऊण तासाच्या घर्षणाने फाटतो, आणि एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे जाताना तो बदलला जात नाही. शिवाय उपदंशाचा व्रण ओठावर, तोंडात किंवा कंडोमने न झाकलेल्या जागी असला, तर कंडोम वापरूनही संसर्ग होतो. तुमचे 'बहुतेक वेळा' हे शब्द प्रामाणिक आहेत, पण तुमच्याच पत्राच्या, इथे न छापलेल्या भागात काही रात्री आठवत नसल्याचे तुम्ही लिहिले आहे.

डॉक्टरांना हे सांगायचे ते कबुलीजबाब म्हणून नव्हे, तर पुढची तपासणी त्यावरून ठरते म्हणून. मुखमैथुन झाले असल्यास घशाचा नमुना, गुदमैथुन झाले असल्यास गुदद्वाराचा नमुना घ्यावा लागतो, कारण तिथला परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया हे लैंगिक संसर्ग बहुधा काहीच लक्षण दाखवत नाहीत आणि नुसत्या लघवीच्या तपासणीत सापडत नाहीत. गेल्या काही महिन्यांतील जोडीदारांनाही कळवा. त्यांच्या हातांवर काहीही नसेल, तरीही.

प्रश्न : मी फोंड्याजवळ राहते, वय २६, चौथा महिना चालू आहे. माझ्या यजमानांना लघवीच्या जागेतून पू येत होता. डॉक्टरांनी औषध दिले आणि मलाही घेऊन या म्हणून सांगितले. मला काहीच त्रास नाही. हे म्हणतात की उष्णता झाली होती, मी धणे-जिऱ्याचे पाणीही देत होते. पोटात बाळ असताना विनाकारण गोळ्या का घ्यायच्या? ता. क. हे टुरिस्ट टॅक्सी चालवतात. रात्री जागता यावे म्हणून पावडर ओढतात, असे मला बाहेरून कळले.

उत्तर : ताई, उष्णतेने लघवी पिवळी होईल, जळजळेल, पण पू येणार नाही. पू येणे म्हणजे परमा किंवा क्लॅमिडिया, आणि बरेचदा दोन्ही एकत्र. पुरुषाला परमा झाला की दोन ते सात दिवसांत तो बहुधा कळून येतो. स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयाच्या मुखाशी बसलेला हाच संसर्ग निम्म्याहून अधिक जणींना काहीही जाणवू देत नाही. तुम्हाला त्रास नाही यावरून तुम्हाला संसर्ग नाही असे ठरत नाही. उपचार न झाल्यास दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते, आणि जन्माच्या वेळी बाळाच्या डोळ्यांना संसर्ग होऊन दृष्टीला धोका पोहोचू शकतो. म्हणून गोळ्या विनाकारण नाहीत.

सरकारी रुग्णालयांत लैंगिक संसर्गांसाठी जी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत, तिथे औषधे रंगांच्या पाकिटांतून मोफत मिळतात. अशा स्रावासाठी करड्या रंगाचे पाकीट असते, त्यात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम असते, आणि ही दोन्ही औषधे गरोदरपणात देता येतात. तुमच्या यजमानांना डॉक्सिसायक्लिन दिले असेल तर त्यांच्याच पट्टीतल्या गोळ्या मात्र तुम्ही घेऊ नका, ते औषध गरोदरपणात टाळतात. गरोदर असल्याचे तिथे पहिल्या वाक्यातच सांगा. दोघांचाही उपचार पूर्ण होऊन सात दिवस उलटेपर्यंत संबंध ठेवू नका. प्रसूतीपूर्व तपासणीत तुमची एचआयव्ही आणि उपदंशाची चाचणी झाली असेल, ती निर्दोष आली असली तरी शेवटच्या तिमाहीत पुन्हा करायला सांगा, कारण पहिल्या तपासणीनंतर झालेला संसर्ग त्या जुन्या कागदावर दिसणार नाही. गरोदर स्त्रीला उपदंश निघाल्यास पेनिसिलिन हेच औषध चालते. प्रसूती होईपर्यंत कंडोमचा आग्रह धरावा.

पावडरीबद्दल एवढेच सांगतो की यजमान डॉक्टरकडे जातील तेव्हा ती गोष्ट त्यांनी स्वतः सांगावी. नाकाने ओढण्यासाठी एकच नळी किंवा गुंडाळलेली नोट चौघांत फिरत असेल, तर नाकातल्या रक्ताच्या अंशातून हिपॅटायटिस सी जाऊ शकतो. त्याची तपासणी विचारल्याशिवाय कोणी करत नाही. घरात हा विषय काढल्यावर तुमच्या अंगावर हात उठेल अशी धास्ती असेल, तर आधी तुम्ही एकट्याच डॉक्टरांना भेटा. तुमच्या तपासणीसाठी यजमानांच्या परवानगीची गरज नाही.

प्रश्न : मी मडगावचा, वय ३४. पुरुष असून माझे संबंध पुरुषांशी आहेत. चार वर्षांपासून एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत आणि विषाणूंचे प्रमाण मोजता येण्याच्या खाली आहे. त्यामुळे माझ्यापासून कोणाला धोका नाही, हे बरोबर ना? ता. क. महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी क्रिस्टल घेतो, तेव्हा दोन दिवस गोळी राहून जाते. सोबत ताठरतेची गोळीही घेतो.

उत्तर : प्रमाण सातत्याने मोजमापाखाली असलेल्या व्यक्तीकडून संभोगातून एचआयव्ही जात नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि ते ठामपणे म्हणता येते. पण ते म्हणणे गोळीवर उभे आहे, आणि क्रिस्टल, म्हणजे मेथॲम्फेटामिन, नेमके तिच्यावर घाला घालते. दोन रात्री जागलेल्या माणसाला शुक्रवार कोणता आणि सोमवार कोणता याचे भान राहत नाही. महिन्याकाठी दोन गोळ्या चुकल्याने लगेच काही कोसळत नाही, पण दोनाच्या चार केव्हा होतात ते कळत नाही. बाहेर पडताना तीन दिवसांच्या गोळ्या एका डबीत घालून सोबत ठेवा आणि फोनवर रोजच्या वेळेचा गजर लावा. बंद करणे जमत नसेल तोवर इतके तरी करा.

तुमच्या गोळ्या कोणत्या, हे तुम्ही लिहिलेले नाही. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रातून आज बहुतेकांना टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅविर यांची एकत्र गोळी मिळते, आणि तिचा उत्तेजकांशी मोठा झगडा नाही. तुमच्या औषधांत रिटोनाविर असेल तर मात्र गोष्ट गंभीर आहे. रिटोनाविर यकृतातील ती विकरे (एन्झाइम) थोपवते जी हे पदार्थ शरीरातून काढून टाकतात, त्यामुळे नेहमीच्याच मात्रेचा परिणाम कितीतरी पट होतो. रिटोनाविरवर असताना एक्स्टसी घेतल्याने मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. ताठरतेच्या सिल्डेनाफिलचेही रक्तातील प्रमाण रिटोनाविरमुळे खूप वाढते. आणि पार्टीत बाटलीतून हुंगायला मिळणारे पॉपर्स सिल्डेनाफिलसोबत कधीही घेऊ नका, रक्तदाब एकाएकी इतका उतरतो की माणूस जागीच कोसळतो. छातीत दुखू लागल्यास कॅज्युअल्टीत ताठरतेची गोळी घेतल्याचे सांगायलाच हवे, कारण हृदयविकारात जिभेखाली ठेवतात ती नायट्रेटची गोळी अशा वेळी घातक ठरते.

राहिला प्रश्न इतरांच्या धोक्याचा, आणि तुमच्या स्वतःच्याही. एचआयव्हीची गोळी उपदंश, परमा, क्लॅमिडिया किंवा हिपॅटायटिस सी यांना अडवत नाही. तुमच्या परिस्थितीत दर तीन महिन्यांनी उपदंशाची रक्ततपासणी आणि घसा, लघवी व गुदद्वार अशा तिन्ही जागांची तपासणी करणे योग्य आहे. गुदद्वाराच्या श्लेष्मल त्वचेला इजा झालेली असताना हिपॅटायटिस सी संभोगातूनही जातो, आणि सुई वापरत असाल तर त्याची शक्यता फारच वाढते. सुई, सिरिंज, पाण्याचे भांडे, यांतले काहीही दुसऱ्याचे घेऊ नये. हिपॅटायटिस सी झाल्यास तो बहुतेकांमध्ये १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हे औषध मोफत मिळते. हिपॅटायटिस सीवर लस मात्र नाही. हिपॅटायटिस बीची आहे, ती घेतली नसेल तर घ्या. संभोगानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम घेतल्याने उपदंश आणि क्लॅमिडिया यांची शक्यता लक्षणीय घटते, असे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमधील अभ्यासांत दिसले असून अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४ साली तशी मार्गदर्शक सूचनाही काढली. ते तुम्हाला योग्य आहे का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. उरलेल्या पट्टीतून मनाने गोळी काढून घेण्याचा हा प्रकार नव्हे.

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातील एक वडील. २२ वर्षांच्या मुलाला गुप्तांगाचा काहीतरी आजार झाला आहे. रुग्णालयात नेल्यास तो नशा करतो हे पोलिसांना आणि नंतर गावाला कळेल का, ही एकच भीती वाटते.

उत्तर : भीती आपल्या गोव्यात उगीच रुजलेली नाही. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याला एचआयव्ही असल्याचे आढळले म्हणून पोलिसांकरवी नेऊन म्हापशात जुन्या क्षयरोग रुग्णालयात दोन महिन्यांहून अधिक काळ एकटे ठेवण्यात आले. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, पण तशी तरतूद करणारा कायदा न्यायालयाने रद्द केला नाही. डॉमिनिक यांनी पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. आज कायदा उलट दिशेला आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्यानुसार संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही.

नशेबाबत सांगायचे तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे, कोकेनसाठी एक वर्षापर्यंत आणि इतर बऱ्याच पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. मेफेड्रोनही २०१५ पासून या कायद्याखाली आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन तो पूर्ण करत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यावर सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. ओपीडीत रुग्णाने डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट गोपनीय असते. अतिमात्रेने बेशुद्ध होऊन दाखल झाल्यास मात्र रुग्णालये पोलिसांना कळवतात, हे लपवत नाही. तेव्हा त्या अवस्थेची वाट न पाहता आधी नेणे कायद्याच्या दृष्टीनेही सोयीचे. लैंगिक आजारासाठी त्वचा व गुप्तरोग विभागात आणि नशेसाठी बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात जाता येईल. उत्तेजकांचे व्यसन सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी आज उपलब्ध नाही, समुपदेशन आणि वर्तनोपचार हाच मार्ग आहे, म्हणून 'आठ दिवसांत व्यसनमुक्ती' म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नका. फोनवर बोलायचे असल्यास नशेसाठी १४४४६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे क्रमांक आहेत, दोन्ही निःशुल्क. आणि तपासणीच्या वेळी तुम्ही खोलीबाहेर बसा. वडिलांसमोर मुलगा अर्धेच सांगेल.

प्रश्न : काल रात्री कंडोम फाटला. मी २३ वर्षांची आहे, म्हापशाला राहते. एचआयव्हीची भीती वाटते, काय करू? ता. क. एक्स्टसी घेतली होती, कोरडेपणा फार होता, म्हणून खोबरेल तेल वापरले.

उत्तर : हे उत्तर छापून येईपर्यंत तुमच्या हातातली वेळ निघून गेलेली असेल, आणि पत्रावर पत्ता नसल्याने तुम्हाला आधी कळवता आले नाही, याचे वाईट वाटते. दुसऱ्या कोणावर हीच वेळ आल्यास मासिकाला लिहू नये, थेट सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावे. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा टाळण्यासाठी लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळीही ७२ तासांच्या आत घ्यावी लागते, आणि पाच दिवसांपर्यंत तांबी बसवून घेता येते.

तुम्ही आता चाचण्या करा. औषधे घेतलेली नसतील तर एचआयव्हीची नवी प्रयोगशाळा चाचणी ४५ दिवसांनंतर बरेच सांगते, झटपट चाचणीवर मात्र ९० दिवस पूर्ण झाल्याशिवाय विसंबू नये. परमा आणि क्लॅमिडियासाठी दोन आठवडे पुरतात. उपदंशाची चाचणी सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी करावी.

तेलाचा संबंध आहे, आणि तो सरळ आहे. एक्स्टसीने कोरडेपणा येतो हे खरे, पण खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा मालिशचे तेल लागले की लॅटेक्सचा कंडोम काही मिनिटांतच कमजोर होतो आणि ताणला की फाटतो. पाण्याच्या आधाराची जेली वापरायची असते. कंडोम मिळतो त्याच फार्मसीत ती मिळते, फक्त मागावी लागते.